यानाचं दार कुणी लावलं?

डोंबिवली, रविवार, संध्याकाळ

आजही निकाल लागला नाही. यानाचं दार कॅप्टनने लावलं की यंत्रमानवाने? सिनेमाचा दुसरा भाग तिथेच संपतो. मी आणि प्रकाशने व्हिडिओ लायब्ररीतून ती कॅसेट पुन्हा आणली. ती जागा आम्ही इतक्यांदा मागे घेऊन पाहिली आहे की आता तिथे नुसत्या रेघा येतात. उत्तर असलंच, तर आम्हीच घासून टाकलं.

"यंत्रमानवानेच लावलं," मी म्हटलं.

"अरे येड्या, त्याचा हात तुटलेला ना!"

"एकच तुटलेला."

भांडताना बरं वाटत होतं. धास्ती वेगळीच होती. परवा प्रकाश नोकरीसाठी मस्कतला चाललाय. तिसरा भाग तिथे आधी पोचणार. त्याला दाराचं उत्तर कळलं, की माझ्याशी बोलायला उरेल काय? विचारावं की नको? शेवटी विचारलंच, "तिकडे बघशील ना?"

तो कॅसेट खोक्यात घालत म्हणाला, "एकटा कशाला बघू? मजा काय त्यात? सुट्टीवर आलो की दोघं बघू. तोवर पत्रातून भांड."

दार यंत्रमानवानेच लावलं. डाव्या हाताने. पहिल्या पत्राची सुरुवात हीच.