रजिस्टरातलं नाव

ता. १३ नोव्हेंबर १९६४, शुक्रवार

मास्तरले हाकललं! भाड्यानं द्यायच्या रस्त्याकडच्या दोन खोल्या पाहिल्या अन् गोड गोड बोलला — "आजी, मी तं तुमच्या लेकासारखा." म्हटलं, लेक अकोल्याले आहे, तिथंच बरा आहे. नाव तेवढं लिहून घेतलं अन् तुळशीरामले दिलं. तो कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिते. आतल्या कारकुनाशी त्याचं जमते. रजिस्टर पाहून आला — मास्तरावर घर खाली करून देण्याचे दोन दावे!

मागच्या भाडेकऱ्यानं सात वर्षं खोल्या सोडल्या नाहीत. ह्यांचे जोडे कोर्टाच्या पायऱ्यांवर झिजले. खोल्या सुटल्या तं हेच गेले. आता रजिस्टर पाहिल्याबिगर मी कोणाले उंबऱ्याच्या आत घेत नाही.

तुळशीरामले लोणच्याची बरणी दिली. "काकू, ह्या लोणच्यापायी जजसायबाचंही नाव पाहून येईन!" म्हणे. लोचट.

ता. १६, सोमवार

दवाखान्यातला कंपाउंडर आला. घरात नळ पाहिजे म्हणे. म्हटलं, मंग नदीत जाऊन बस.

ता. १९, गुरुवार

साखरखेर्ड्याच्या दोघी आल्या. नसीमा, विधवा आहे, कपडे शिवते. अन् तिची सासू बानो, माह्याच वयाची. सासूच्या छातीचं दुखणं. तीन महिने रोज सुई घ्यायची, अन् दवाखाना आमच्या मागच्याच गल्लीत. गावाहून रोज मोटरनं येणं म्हातारीच्यानं होत नाही.

बानो तं न विचारता ओट्यावरच बसली. "बाई, ऊन चांगलं येते वो तुमच्या इथं. अर्धं दुखणं बसूनच जाईन."

म्हटलं, मी तीस वर्षं बसून राह्यली, माह्या गुडघ्यांचं दुखणं कुठं गेलं?

हसली. तोंडात एक दात नाही. मलेही हसू आलं — कितीक दिवसांनी.

नावं लिहून घेतली. सोमवारी या म्हटलं.

ता. २३, सोमवार

नसीमाचं नाव निघालं! दावा, निकाल, सगळं. तुळशीराम सांगून गेला अन् घडीभरात बैलांची दमणी दारात. शिवायची मशीन, दोन वळकट्या, अन् वर बानो. सामानच घेऊन आल्या होत्या.

दारातूनच नाही म्हटलं.

नसीमा म्हणे, "माय, दावा माह्या मालकावर होता, दुकानाच्या जागेचा. ते गेले, तं वारस म्हणून कोर्टानं माह्यं नाव लावलं. मले तं ते जागा कुठं आहे तेही माहीत नोतं."

मी म्हटलं — मेलेल्याच्या माथी मारायले काय जाते? तो थोडाच उठून सांगणार!

बानोच बोलली, "चाल बेटा. बाईलेही आपलं घर सांभाळा लागते."

शिवी दिली असती तं बरं झालं असतं.

मुसलमान म्हणून नाही म्हटलं, असं गल्ली म्हणेल. म्हणू दे. मी रजिस्टर पाहून नाही म्हटलं.

ता. २४, मंगळवार

मी ओट्यावर बसली. ऊन होतं.

ता. ३ डिसेंबर, गुरुवार

खोल्या रिकाम्याच. कोणी आलं की त्याच्या मागं दमणी आहे का, ते पाहते. काऊन पाहते!

ता. १४, सोमवार

कोर्टाचा बेलीफ कागद देऊन गेला. मले छापील वाचता येते, पण कोर्टाची भाषा नाही कळत. तुळशीरामले बोलावलं. वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला.

बाजारात किसनरावाचा गाळा आहे. ह्यांनी तो तुरीच्या व्यापारासाठी भाड्यानं घेतला होता. मले एका शब्दानं सांगितलं नाही! किसनरावानं खाली करण्याचा दावा लावला, अन् तो चालू असतानाच हे गेले.

"आता वारस म्हणून तुमचं नाव लागलं, काकू."

म्हटलं, अरे, मले तं तो गाळा कोणत्या अंगाले आहे तेही—

मंग विचारलं, "तुले माहीत होतं का रे, असं नाव लागते म्हणून?"

"हो. आमचं रोजचंच आहे."

"तं सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही विचारलं, नाव आहे का. नाव होतं."

त्याचं काय चुकलं? मीच तेवढं विचारलं.

खोल्या झाडल्या, सारवल्या. सकाळच्या मोटरनं साखरखेर्ड्याले जाते. दोघींले घेऊनच येईन. ओट्यावर बाजही टाकली.

ता. १५, मंगळवार

बानो शुक्रवारीच गेली — सुया अर्ध्यातच सुटल्या होत्या.

नसीमानं अंगणात उन्हात चटई टाकली, मले बसवलं. पाणी दिलं. माह्यं नाव तिले माहीत नाही. तिनं विचारलंही नाही.