सपातेच्या फुलाचा मान

१२ मे १९९४, गुरुवार
मन्मथची सुट्टी संपली. पोरगं मिलिटरीत, मेघालयात. जाताना एक वाळकी शेंग हातात ठेवली. म्हणला, आई, हे ऑर्किड. फूल थेट सपातेसारखं, पाय घालावा असं. बीड जिल्ह्यात कुणाकडं नसंल. तिकडं ते चुनखडीच्या दगडावर उगवतं, दाट झाडीत, कुजक्या पाल्यात. दिवसभर धुकं. ऊन लागू द्यायचं न्हाई. आणि आई, आतलं बी हाय ना, ते. मी म्हणलं, गप. तुझ्या जन्माआधीपासून पेरते मी, मला बी शिकवतो का. तेवढ्यात बस आली.

१३ मे
शेंग फोडली. आत नुसती पिवळी भुकटी, किडक्या लाकडातून निघती तशी. सूप घेऊन माळवदावर गेले आणि पाखडून टाकलं. एका झुळकीत सगळी घाण गेली. खाली जाडजूड तुकडे राहिले, एक नंबर बी. भिंतीपलीकडं माझी धाकटी जाऊ मल्लम्मा गुलाबाला पाणी घालत होती. ओरडली, कावून पाखडतीस अक्का, डोळ्यात गेलं माझ्या. मी म्हणलं, डोळे मिटून पाणी घाल.
मडक्यात पेरलं.

१६ मे, सोमवार
मठात सगळ्या बायांसमोर मल्लम्मा म्हणली, अक्काच्या हातानं कोरफड बी वाळती. मी म्हणलं, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पिंडीवर पहिलं फूल माझ्या मडक्यातलं. न्हाई आणलं तर पहिल्या फुलाचा मान तुझा, कायमचा. हा मान थोरल्या सुनेचा. सासूनं मला दिलेला. तो जायचा प्रश्नच न्हाई.

२० मे
चुनखडी कुठली मिळायला. घर रंगवायचे कळीच्या चुन्याचे खडे होते, ते घातले मडक्यात. वर तांब्याभर पाणी. मडकं उकळायला लागलं आणि फुटलं. कुंभारानं मडकं कच्चं दिलं. जाऊन त्याची दोन मडकी त्याच्याच दारात फोडली. बी वेचून धुतलं, नव्यात पेरलं.

२ जून
धुक्यासाठी घरापुढच्या आमच्या दुकानातला कुलर उचलून आणला. मालक, मन्मथचे वडील, बनियनवर गल्ल्यावर बसले. दुपारी कुलर न्यायला आले. म्हणले, गिऱ्हाईक उकाड्यानं पळतंय. मी खलबत्त्यातला बत्ता फेकला. नेम धरला नव्हता. लिमलेटच्या गोळ्यांची बरणी फुटली. मालक चालते झाले.
लाईट दिवसभर न्हाई. कुलर नुसता उभा हाय. ओली पोती टाकली. मेघालय ते हेच.

१९ जून
गल्लीतल्या दगडाबाईच्या शेळीनं मडक्यात तोंड घातलं. शिंग मोडलं. शेळीचं. दगडाबाई दारात येऊन शिव्या देऊन गेली, मी दुप्पट दिल्या. आजपासून धोपटणं हातातच ठेवणार. कपडे धुवायला दुसरं आणू.

७ जुलै
उगवलं. दोन पानं, लालसर. गल्लीत सगळ्यांना सांगून आले. दगडाबाईलासुद्धा.

१२ ऑगस्ट
झाड कमरेएवढं. मल्लम्मा भिंतीवरून वाकली. म्हणली, अक्का, हा तांदुळजा हाय गं. उकिरड्यावर रग्गड उगवलाय, भाजी करतेत त्याची. आणि हसली. तिचा हात भिंतीवर होता आणि माझ्या हातात धोपटणं. ते लागलं. मी मारलं न्हाई. बीडला नेऊन प्लास्टर घातलं. हाडंच ठिसूळ तिची, दूध पीत न्हाई.

२५ ऑगस्ट
शेंड्याला हिरवे तुरे आलेत. सपाता अजून दिसत न्हाई. घट्ट मिटलेली असंल. बायांनी विचारलं तर सांगते, मोठं फूल हाय, टाइम घेतं.

४ सप्टेंबर, रविवार
उद्या शेवटचा सोमवार. बंकटच्या एसटीडीवरून मन्मथला फोन लावला. विचारलं, सपाता उघडती कधी? त्यानं विचारलं, आई, ती पिवळी भुकटी कशात पेरलीस? म्हणलं, पेरते कशाला, पाखडून टाकली. त्यानं परत विचारलं, सगळी? मीटर पळत होता. मग म्हणला, आई, तेच बी होतं. लई बारीक असतं. त्याच्यातलंबी एखादंच रुजतं, त्याला तिथल्या मातीतली बुरशी लागती. प्रयोगशाळेत बाटलीत वाढवतेत. फुलायला काही वर्षं जातेत.
रिसीव्हर ठेवताना बूथची काच फुटली. बंकट ओरडायला लागला. आधीच तडकली असंल.

५ सप्टेंबर, सोमवार
झाड उपटावं म्हणून गेले, उपटवंना. रिकाम्या हातानं मठात गेले. सगळ्या बाया आधीच येऊन बसलेल्या. मल्लम्मा गुलाब घेऊन पिंडीपुढं. फूल उजव्या हातानंच वाहायचं, आणि तिचा उजवा गळ्यात अडकवलेला. बोटं तेवढी बाहेर. हात वर जाईना. दोनदा उचलला आणि तोंड कसंतरी केलं. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.
मल्लम्मा म्हणली, ये अक्का. मान माझा, हात तुझा.
गेले. तिचा गुलाब तिच्या नावानं वाहिला.  
येताना ती शेजारून चालली.  टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.
संध्याकाळी तांदुळजाचा पाला खुडला. दाण्याचा कूट घालून भाजी केली, वाटीभर तिच्याकडं नेली. डाव्या हातानं कशी खाणार. मी भरवलं. घास जरा जोरात गेला.
म्हणली, मीठ कमी हाय, अक्का.
घरी परत आले आणि मीठ घेऊन गेले.