शेवंताच्या गाडीची मूठ

नागपूर, १९६२

उकंडादादास अनसूयेचा नमस्कार.

“कोन्ता हात चालते तुहा, सांग, मंग इळा घडवतो,” असं आपले बाबा भात्याजवळ बसून विळा करून घ्यायला आलेल्या प्रत्येकाला विचारत.

माझी शेवंता पोटभर जेवते, काळजी नको. तिला इथल्या अपंगांच्या सरकारी संस्थेकडून तीनचाकी गाडी मिळाली. पण हातानं फिरवायची मूठ उजवीकडे, आणि पोरीचा उजवा हातच लुळा. संस्थेच्या साहेबांनी तो रुमालानं मुठीला बांधून फोटो काढवला. म्हणाले, “होईल सवय.” शी! त्यांनी वाटलेला पेढा मला गिळवला नाही. गाडी तशीच उभी आहे.

वहिनीचा खोकला थांबला का?

“सरकारी वस्तूले हातोडा कायले लावू?” असंच तू म्हणशील. तरी ये दादा, मूठ डावीकडे बसवून दे.

तुझी अनसूया