दुसऱ्या रिमोटची वायर

रविवार, १८ जुलै

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. गुडघे कुरकुरतात म्हणून प्रत्यक्ष घातलेला नाही, पण मनापासून आहे, गोड मानून घे. वहिनींनाही नमस्कार सांग. इकडे सगळे मजेत. आमचे हे नेहमीप्रमाणे चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधताहेत. तुझी भाची परीक्षेतून सुटली, आता दुपारी बारापर्यंत झोपते आणि वर मलाच म्हणते, “आई, तू किती आवाज करतेस!”

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतोस. त्या ‘हं’शी माणसाने किती वेळ बोलायचं? पत्राला मध्येच ‘ठेवतो’ म्हणता येत नाही, म्हणून हा उपद्व्याप.

आमच्या लॅबमध्ये सध्या कवळ्यांचा पूर आलाय. एका आजोबांची कवळी तर तीनदा परत आली. म्हणे, बोलताना शिट्टी वाजते. घासून घासून मी शिट्टी बंद केली, तर परवा पुन्हा हजर. म्हणाले, “बाई, शिट्टी गेली, पण नातवंडं आता हसत नाहीत हो.” मी कपाळावर हात मारला आणि त्यांना पुन्हा शिट्टी बसवून दिली. आमचे साहेब अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

पत्राबरोबर एक खोकं येईल. ते उघडण्याआधी हे वाचून संपव. आत तुझ्या भाचीचा जुना लॅपटॉप आहे, त्याला दोन रिमोट जोडलेत आणि त्यात आपली टोपीवाल्याची गेम आहे.

आठवतो ना टोपीवाला? रस्त्यातले दिवे लावत पळायचा आणि मागे ते पांढरं बदक. कॅसेट चालली नाही की तू तिच्यात फुंकर मारायचास, मग मी मारायचे, कारण तुझ्या फुंकरीत थुंकीच जास्त असायची. मग तू पहिला रिमोट घ्यायचास, दुसरा मला द्यायचास आणि राजासारखा म्हणायचास, “शेपूट, बदक तुझं. सांभाळ.” टोपीवाला पळाला की बदक पळायचं, त्याने उडी मारली की बदकही मारायचं. अंगठे दुखेपर्यंत मी बटणं दाबायचे. घंटेच्या मनोऱ्यापाशी आपण कायम मरायचो. वर नेणारा पाळणा यायच्या आत पायाखालची जमीन खचायची, आणि तू माझ्यावर खेकसायचास, “बदकाने घोळ घातला!” चोराच्या उलट्या बोंबा.

गेल्या वर्षी तुमच्याकडे आले होते तेव्हा माझ्या नव्या छंदाचं तुला सांगितलं होतं. या छंदात जुन्या गेमा हाताने झटपट खेळत नाहीत. गेम थांबवायची, एकेक चित्र पुढे सरकवायचं आणि त्या चित्राला कोणतं बटण दाबायचं ते ठरवायचं. चुकलं तर मागे जायचं, दुसरं काही करून बघायचं. एका उडीत माझा आठवडा जातो. सगळं जुळलं की त्या बटणांची रांग लावून द्यायची, मग गेम आपली आपण अशी सुसाट धावते की बघणाऱ्याने तोंडात बोटं घालावीत. जगभरातली रिकामटेकडी माणसं एकमेकांपेक्षा क्षणभर आधी पोचायला धडपडत असतात. मला तर ते कवळीसारखंच वाटतं. घास, बसव, काढ, पुन्हा घास.

तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, “यात हात कुठे आहे? हाताशिवाय खेळणं म्हणजे शुद्ध लबाडी.” मी हसले, वहिनी हसल्या. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

जाऊ दे. मनोऱ्याचं सांगते.

आपण दाबलेली बटणं लॅपटॉपवर एका तक्त्यात भरली जातात. एक रकाना पहिल्या रिमोटचा, एक दुसऱ्याचा. दुसरा मी कोराच ठेवायचे, कारण गेम एकट्याचीच, असं मी धरून चालले होते. गेल्या महिन्यात मध्येच वहिनींचा फोन आला. बोलून परत येऊन बसले, पण लक्ष कुठे होतं? भलत्याच रकान्यात बटणं भरत सुटले. नंतर बघते तर काय, टोपीवाला जागच्या जागी खांबासारखा उभा आणि बदक तुरुतुरु एकटंच पुढे! मी अशी किंचाळले की हे धावत आले. त्यांना वाटलं शॉक लागला.

अरे दादा, बदक चालतं! दुसरा रिमोट जोडलेला नसला तर ते निमूट मागून येतं, आणि असला तर रिमोटवाल्याचं ऐकतं. मनोऱ्यापाशी त्याला भिंतीकडे नेऊन उभं केलं, की टोपीवाला त्याच्या पाठीवर पाय देऊन थेट वरच्या कठड्याकडे झेपावतो. पाळण्याची वाट बघायचं कामच नाही. ज्याने कोणी ती गेम बनवली, त्याने तो मनोरा दोघांनी मिळून चढायचा म्हणूनच केला होता. आणि आपण दोघं अख्खं लहानपण त्याच्या पायथ्याशी मरत बसलो.

तू म्हणशील, तुझ्या हातात रिमोट तर होता. होता रे. वायर कुठे होती?

मी काय दुधखुळी होते? एकदा नाक शिंकरायला मी रिमोट मांडीवर ठेवला आणि बदक आपलं चाललंच होतं. तुझं लक्ष नाही बघून मी हळूच वायर ओढली, तर तिचं टोक सतरंजीखालून बाहेर आलं. ते पुन्हा खाली सारलं आणि मुकाट्याने बटणं दाबायला लागले. बोलले असते तर तू म्हणाला असतास, “मग जा बाहेर खेळायला.” मला तुझ्याशेजारी बसायचं होतं. बदक चालो न चालो.

बरं. आता हाताचं.

इतका वेळ शिट्टीवाले आजोबा आणि चष्मा सांगत बसले, ते हेच टाळायला. त्या दिवशी वहिनींचा फोन तुझ्याबद्दलच होता. रडत नव्हत्या, पण आवाज असा बारीक की मला दोनदा ‘काय?’ म्हणावं लागलं. म्हणाल्या, अर्धांगाचं दुखणं ओसरलं, बोलणं पूर्ववत झालं, उजव्या हाताची बोटंही हलतात, पण तू ती हलवत नाहीस. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना दारातूनच वाटेला लावतोस. दुकान त्या उघडतात, काजं-गुंड्या त्या बघतात, आणि तू कापायच्या टेबलाकडे पाठ करून बसतोस. बाई म्हणाल्या आहेत, हात आता रोज वापरला तर येईल, सोडून दिला तर गेला.

मी उपदेश करणार नाही, पालथ्या घड्यावर पाणी. पण तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. यात हात कुठे आहे? तू कापड कापायच्या आधी किती वेळ नुसता बघत उभा राहायचास, आठव. गिऱ्हाईक जांभया द्यायचं. मग कात्री एकदाच चालायची, कारण सदरा तुझ्या डोक्यात आधीच शिवून झालेला असायचा. हे तसंच आहे. इथे कोणी घाई करत नाही. एक बटण दाबायला तुला अख्खी सकाळ लागली तरी गेम थांबून राहते. आणि धावायला लागली की दाबणारा हात थरथरत होता की नाही, हे तिला कळतसुद्धा नाही.

यात माझा डाव आहे, लपवत नाही. तुझी बोटं हलावीत म्हणूनच खोकं पाठवतेय. पण नुसतं तेवढंच असतं तर रबरी चेंडू पाठवला असता. मनोऱ्यावरची ती उडी मला खरंच जमत नाही. बदकाच्या पाठीवरून माझा टोपीवाला दर वेळी कठड्याला डोकं आपटून खाली येतो. मी तुला मनोऱ्यापर्यंत आणून सोडलंय. तिथून पुढे पहिला रकाना कोरा आहे, तो तुझा. बदकाचं मी बघते, सवय आहे मला. तुला जेवढं जमेल तेवढं भरून भाचीच्या मेलवर पाठव. पाठवायचं कसं ते वहिनींना समजावून सांगितलंय.

मला तू पूर्वीसारखा ओरडणारा हवा आहेस रे. ‘हं’ म्हणणारा नको.

आणि दोन्ही वायरी मी स्वतः लावल्यात. या वेळी काढायच्या नाहीत.

तुझं,
शेपूट

•

गुरुवार, १२ ऑगस्ट

शेपूट,

अनेक आशीर्वाद. अक्षराला हसू नकोस, उजव्या हाताने लिहिलंय. किती वेळ लागला ते वहिनीला विचारू नकोस, ती वाढवून सांगते.

खोकं आलं, पण बरेच दिवस उघडलं नाही. मग तुझ्या चुका काढायच्या म्हणून उघडलं. चुका आहेतच. बदक भिंतीपाशी उडी मारून खाली टेकलं की किंचित वाकतं. तू ते सरळ होईपर्यंत थांबतेस आणि मग पाय देतेस. चूक. वाकलेलं असतानाच पाय द्यायचा, सरळ होताना तेच वर ढकलतं. इतकी वर्षं कवळ्या घासतेस, एवढं दिसू नये?

टोपीवाला वर गेला. घंटा वाजते गं. आपण ती कधी ऐकलीच नव्हती. वहिनी हातातलं काज सोडून आत आली, तिला वाटलं दारावर कोणी आलं. मी तिला पुन्हा वाजवून दाखवली.

व्यायामाच्या बाईंना आता आत घेतो. बोलतात फार.

यात हात कुठे आहे म्हणालो होतो. आहे.

वायरीचं तुला तेव्हाच कळलं होतं आणि आजवर बोलली नाहीस! आतल्या गाठीची आहेस. वायर लावली तर तू माझा खेळ बिघडवशील, असं वाटायचं. आणि खरं सांगून टाकावं असं मनात यायचं, तेव्हा तू बदकाशी बोलत असायचीस, “चल राजा, दमलास का?” ते ऐकायला बरं वाटायचं. सांगितलं असतं तर थांबली असतीस.

फाइल काल पाठवली, मिळाली असेल. मनोऱ्यानंतर पहिला रकाना मी भरलेला नाही. टोपीवाला आता तू चालव. बदक मी घेतलंय. वायर रोज तपासतो.

तुझ्या मागून येणारा,
दादा