वाकवलेली फांदी

उर्से, फेब्रुवारीअखेर

प्रिय आई,

प्रभूच्या शांतीत तुला आणि करुणाताईला सलाम.

मी बरा आहे, वेळेवर जेवतोय. फोनवर तू माझ्या आवाजावरून लगेच ओळखशील, म्हणून हे पत्र. पप्पांचा गुडघा कसा आहे?

आई, मी आता सुपरवायझर नाही. नाताळला घरी यायला मिळावं म्हणून पॉलीहाऊसमधल्या गुलाबांची छाटणी मी आठवडाभर आधीच उरकली होती. फुलंही तेवढीच आधी उमलली आणि परदेशची व्हॅलेंटाईनची ऑर्डर हुकली. मालकांनी मला सगळ्यांदेखत झाडलं. तू स्वतःला दोष देऊ नकोस, यायचं मीच ठरवलं होतं.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांकडे पाठ करून बसलो, तर इथं मजुरीला येणाऱ्या ठाकरवाडीच्या गंगीमावशी आल्या. "हिकडं बस. आमी बी लय शिव्या खाल्ल्यात," म्हणाल्या आणि अर्धी भाकरी दिली.

आता मी कमजोर फांद्या वाकवायच्या कामावर आहे. त्या कापत नाहीत, खाली वाकवून ठेवतात. मग झाडाच्या बुडातून जाड कोंब येतो. हे मी इतरांना शिकवलंय. काल स्वतः करताना मात्र तोंडून निघालं, "प्रभू, वाकवलंस ते चालेल, कापू नकोस." भीती गेली नाही, पण एकटं वाटलं नाही. इथं किती दिवस ठेवतील, माहीत नाही.

मंडळीत कुणाला सांगू नकोस, असं लिहिणार होतो. पण बढती मिळाल्याची साक्ष मी मंडळीपुढे उभा राहून केवढ्या मोठ्यानं दिली होती! बुधवारच्या प्रार्थनेत माझं नाव घे. हळू नको, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं घे.

तुझाच,
शांतवन