शकूच्या नावावर दुसरं काय

१८ नोव्हें., मंगळ.
कोर्ट. साडेदहापासून बाकावर, नंबर लागला तीनला. शकूच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटचा दावा. वरच्या टाकीचं पाणी स्लॅबमधून थेट बेडरूममध्ये, आणि बिल्डर दुरुस्ती करून देत नाही. बहीण मस्कतला नर्स, म्हणून तिचा मुखत्यार मी, म्हणून बाकही माझाच.
आज बिल्डरच्या वकिलाने नवीनच पाचर मारली. वादी परदेशात राहते, उद्या हरली तर आमचा कोर्टखर्च कोणाकडून वसूल करायचा? आधी तारण द्या, मग दावा चालवा. जजसाहेबांनी विचारलं, "भांडणातला फ्लॅट सोडून वादीच्या नावावर भारतात दुसरी काही मिळकत?"
आमच्या देवरे वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. शेवटी नाही म्हणालो.
पाठ आखडली. मळ्यातल्या शेवंतीला पाणी द्यायचं राहिलं.

२० नोव्हें., गुरु.
ड्यूटी सुटल्यावर शकूचा फोन. सगळं सांगितलं. म्हणजे तारणाचं. मिळकतीचा प्रश्न गाळला.
"दादा, मार्चला माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. त्या घरात नाही राहायचं तर कुठं जाऊ?"
दाजी गेल्यावर एकटीने हप्ते भरून घेतलेलं घर. बघू, म्हणालो. आजकाल हा शब्द फार वापरतो.

२३ नोव्हें., रवि.
ट्रंकेतून हक्कसोडीचा कागद काढला. वडिलांचं, अण्णांचं तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात शकूने मळ्यातला तिचा वाटा मला सोडून दिला. सगळ्याच बहिणी सोडतात, आपल्याकडे कोणी विचारतही नाही. रजिस्ट्री कचेरीत ती एवढंच म्हणाली होती, "कुठं सही करू?" कागद वाचला नाही. बायकोने, मंदाने साडीचोळी केली, जेवायला घातलं, झालं.
त्या वर्षीची वही उघडली. त्या तारखेखाली माझ्याच अक्षरात: शकूची सही झाली. काम लवकर आटोपलं. संध्याकाळी मळ्यात पाणी भरलं.
लाज वाटली. वही परत ठेवली. कागद बाहेरच राहिला.

२५ नोव्हें., मंगळ.
हुकूम झाला. सोळा डिसेंबरपर्यंत दोन लाख भरा, नाहीतर स्वतःची जमीन असलेला जामीनदार आणा. दोन्ही नसेल तर दावा फेटाळणार. शकूची शिल्लक सगळी हप्त्यांत गेलेली, माझ्याकडेही एवढी रोकड नाही. जिना उतरताना देवरे वकील म्हणाले, "अहो, मळा तुमच्याच नावावर आहे ना? राहा की जामीन."
वकिलांचं काय जातं बोलायला.

३० नोव्हें., रवि.
निलेशला सांगितलं. पोराचं तोंड उतरलं. पॉलिहाउसचं कर्ज मंजुरीला आलंय आणि बँकेला सातबारा कोरा हवा. "पप्पा, आता त्याच्यावर बोजा चढला तर बँक दारात उभी नाय करणार. आत्याचं मला लय वाईट वाटतं, पण..." दोन वर्षं चपला झिजवल्यात त्याने या कर्जासाठी. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही.
मंदा भाकरी थापता थापता म्हणाली, "येऊ द्या ना शकूताईंना हिथंच राहायला. माहेर हाय त्यांचं. फकस्त कागदाचं काढू नका."
भाकरी छान झाली होती. दोन खाल्ल्या, तेवढ्यापुरतं डोकं शांत.

४ डिसें., गुरु.
मार्गशीर्षातला गुरुवार, शेवंतीला उठाव. बाजारातून आल्यावर दुपारी शकूला फोन लावला. मोठ्या मनाचा आव आणून सांगितलं, निलेशची समजूत घालतो, मी तुला जामीन राहतो.
तिने ऐकून घेतलं.
मग म्हणाली, "जामीन परक्याला राहतात, दादा."
आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता. हक्कसोडीचं नाव तिने काढलं नाही, मी पण नाही. जेवलीस का विचारलं. हो म्हणाली.
नंतर दिवसभर कशात लक्ष नाही. मंदा दोनदा विचारून गेली, काय म्हणाल्या ताई.

९ डिसें., मंगळ.
आज वकिलांना विचारलंच. शकूचा वाटा परत तिच्या नावे केला तर?
त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तिची इथे जमीन झाली. तारणाचा हुकूम उठवायला अर्ज करता येईल. तिच्या वाट्याच्या एक एकराचं बक्षीसपत्र करा. पण घरी बोलून घ्या. एकदा दिलेलं परत मागता येत नाही."
हे त्यांनी मला समजावून सांगावं.
मसुदे दोन्ही करून घेतले, जामीनपत्र आणि बक्षीसपत्र. निलेशला पहिल्याचं माहीत आहे, त्यावरच तो चार दिवस धड बोलत नाही. दुसऱ्याचं अजून कोणालाच नाही. कागदांची पिशवी खुंटीला.

१२ डिसें., शुक्र.
चार दिवस उरले. निलेश बँकेत, मंदा भाजी काढायला. पिशवी उतरवली, ओट्यावर बसलो आणि शकूला फोन लावला. म्हटलं, कागद करायचा तर मसुद्याला तुझी मंजुरी लागते. फोटो पाठवतो, खाली सही करून परत पाठव.
"पाठव," ती म्हणाली. "पण आधी वाचून दाखव."
दोन्ही कागद मांडीवर. जामीनपत्र वर होतं, बक्षीसपत्र खाली; कोणता कागद ते तिला सांगितलं नव्हतं. म्हणालो, चष्मा सापडत नाही गं. चष्मा नाकावरच होता.
"शोध दादा. मी थांबते."