माजघरापर्यंतची वायर

३ नोव्हेंबर, सोमवार
आजही जमलं नाही. डिशच्या वायरीला जोड देऊन एक फाटा माजघरात नेला, आत्याकडून आणलेला जुना लहान टीव्ही लावला. निळा पडदा. सिग्नल नाही. शिवाय बाहेर सोप्यातलाही बंद पडला. अण्णा बातम्या बघत होते. “पदवी घिऊन आली आन् चालता टीव्ही मारला,” म्हणाले. घरातली पहिली ग्रॅज्युएट हे आता प्रत्येक बिघाडाला जोडून येतं.

४ नोव्हेंबर
सोप्यात कबड्डीचा सामना आणि वहिनी माजघरात भिंतीला कान लावून. दहिवडीला कॉलेजच्या संघात चढाई करायची ती. लग्नाला दोन वर्षं झाली, सासरे म्हणून अण्णांसमोर सोप्यात एकदाही बसली नाही. बसू नको असं कुणी सांगितलेलं नाही. सांगावं लागत नाही. दादा लष्करात, राजस्थानात. फोनवर म्हणतो, मी आल्यावर बघू.
कॉलेजच्या शिबिरात समतेवर बोलले होते मी. टाळ्या पडल्या होत्या. आणि घरात...

६ नोव्हेंबर
कडेगावला डिशवाल्याकडे जाऊन आले. म्हणाला, फाटा काढून कधीच चालणार नाही. पण बॉक्सच्या मागची लाल-पांढरी-पिवळी भोकं रिकामी असतील तर तिथून लांब वायर न्या. दोन्हीकडे एकच चॅनेल दिसेल एवढंच.
दारावरच्या झरोक्यातून वायर ओढली. चित्र आलं. माणसं जरा पिवळी दिसतात. रिमोट अण्णांकडेच, ते लावतील तेच आत. तरी आलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
सामना रंगात. अण्णा पंचावर चिडले, बोनस का दिला नाही म्हणून. आतून वहिनीचा आवाज,
“बोनस कसला? त्याला सहा गडी लागत्यात, समोर पाचच हायत.”
आईचा उलथनं धरलेला हात थांबला. अण्णा पडद्याकडे बघत राहिले, मग हसले. मला म्हणाले, “खरं हाय गं तिचं.”
किती दिवसांनी मी नीट जेवले.

११ नोव्हेंबर
आता अण्णा माझ्याकरवी विचारतात. इचार आत, ह्यो नवा पोरगा कसा वाटतुया. मी दारात निरोप्या. वहिनीचं उत्तर त्यांना सरळ ऐकू जातं, तरी मी पुन्हा सांगेपर्यंत थांबतात. ‘पायात जोर हाय, डोक्यात न्हाई’, आजचा तिचा शेरा. अण्णांनी मांडीवर थाप मारली.

१४ नोव्हेंबर
आई शेजारच्या काकूंना सांगत होती, “लय बरं झालं पोरीनं वायर वडली ती. आता सुनंला सोप्यात यायचं कामच उरलं न्हाई.”
कौतुकानं सांगत होती. माझं कौतुक.
म्हणजे हे मी केलं. दिवसभर कशात लक्ष नाही. कराडच्या नोकरीचा अर्ज अर्धाच भरून पडलाय. झरोक्यातली ती वायर सारखी दिसते.

१५ नोव्हेंबर
दुपारी तिन्ही पिना उपसल्या, वायर गुंडाळून फडताळात टाकली. वाटलं, आता तिला बाहेर यावंच लागेल.
संध्याकाळी वहिनीनं बटण दाबलं. काळं. झरोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
“वन्सं, आणताना इचारलं न्हाई, काढतानाबी न्हाई. माझ्यावर प्रयोग चाललाय व्हय?”
तिनं भाकरी केल्या, ताटं वाढली. सोप्यात सामना बघायला आली नाही. अण्णांनी दोनदा दाराकडे पाहिलं.

१६ नोव्हेंबर
माफी मागितली. वायर तिच्या हातात दिली. लावून देऊ का म्हटलं. “ऱ्हाऊ द्या. माझं मी बघते.” खुंटीला टांगली. मला तर एका जागी बसवेना. गच्चीवर तीन चकरा, उगाच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
वायर खुंटीलाच. सामना सुरू झाला तशी वहिनी सुपात शेंगा घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली. डोक्यावर पदर, पाय माजघरात.
आई म्हणाली, उंबऱ्यावर बसू नये. वहिनी म्हणाली, व्हय, एवढ्या फोडते. उठली नाही.
सोप्यात या म्हणायला माझ्या अगदी ओठावर आलं होतं. हात मांडीखाली दाबून बसले.
अण्णा उठले. मला वाटलं, बंद करणार. त्यांनी भिंतीवरचा टीव्ही दोन्ही हातांनी धरून दाराकडे वळवला. स्टँड करकरला. परत जागेवर बसले, आता त्यांनाच तिरकं दिसत होतं. मान वाकडी करून बघत राहिले. बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता,
“सूनबाई, गडी किती राहिलं?”
“चार, मामा.”
आई उठली. वहिनीनं गुडघे आवरून वाट दिली. आई आत गेली, आणि अजून बोललेली नाही.
दादा पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येतोय. अण्णांनी टीव्ही सरळ केलेला नाही.